गोळीवर संशय, पानथरीकडे दुर्लक्ष

डेंग्यूच्या साथींनी महाराष्ट्रातल्या घराघरांत एक शब्द रुजवला आहे : पेशी. ‘पेशी किती आल्या?’, ‘पेशी वाढल्या का?’ हे प्रश्न आता पावसाळ्यात तब्येतीच्या चौकशीचाच भाग झाले आहेत. अनेकदा त्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हटले जाते. प्रत्यक्षात विचारायचे असते ते प्लेटलेटविषयी, आणि पांढऱ्या पेशी हा वेगळा प्रकार आहे. नावाचा घोटाळा सोडला तरी या जागरूकतेचा फायदा झाला आहे. ताप अंगावर न काढता रक्त तपासून घेण्याची सवय लागली आहे.

पण या सवयीला एक दुसरी बाजूही आहे. ताप नसताना, नेहमीच्या तपासणीत किंवा एखाद्या शस्त्रक्रियेआधीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट १,१०,००० किंवा ९०,००० आल्या आणि समोर ‘कमी’ असा शेरा दिसला की घरात गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. त्या घरात पन्नाशी-साठीचे कोणी असेल तर पहिला संशय हमखास एकाच वस्तूवर जातो. ती म्हणजे रोज सकाळी घेतली जाणारी बीपीची गोळी. पाकिटातल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’, म्हणजे प्लेटलेट कमी होणे, असा शब्द सापडतोही. मग कोणाला न विचारता गोळी बंद होते आणि घरातल्या सर्वांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

हे समाधान महागात पडणारे आहे. बीपीच्या गोळीमुळे प्लेटलेट कधीच कमी होत नाहीत, असे मुळीच नाही. पण तसे क्वचित होते. ज्या कारणांनी त्या बहुतेक वेळा कमी होतात, त्यांचा शोध मात्र गोळी बंद केल्याच्या समाधानात मागे पडतो. त्या कारणांच्या यादीत एक अवयव वारंवार येतो आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. तो अवयव म्हणजे प्लीहा, आपल्या बोलीतली पानथरी.

प्लेटलेटचे कोठार

प्लेटलेट या पूर्ण पेशी नसतात. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे ते तुकडे असतात. इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये रक्त गोठण्यातले त्यांचे काम दाखवून दिले. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०,००० कोटी प्लेटलेट तयार होतात आणि प्रत्येक प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात.

मात्र शरीरातल्या सगळ्या प्लेटलेट एकाच वेळी रक्तवाहिन्यांतून फिरत नसतात. डाव्या बरगड्यांखाली, जठराच्या मागे बसलेली जेमतेम १५० ग्रॅमची पानथरी सुमारे एक तृतीयांश प्लेटलेट स्वतःत साठवून ठेवते. अमेरिकेतील रिचर्ड ॲस्टर यांनी १९६६ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेल्या प्लेटलेटच्या साहाय्याने हा साठा मोजला. पानथरी वाढलेल्या रुग्णांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे त्या काळच्या अभ्यासांतून पुढे आले.

याचा अर्थ समजण्यासाठी कागदावर एक साधा हिशेब करता येईल. एखाद्याच्या रिपोर्टमध्ये २,४०,००० प्लेटलेट आहेत आणि एक तृतीयांश साठा पानथरीत आहे, असे धरू. अस्थिमज्जेचे उत्पादन तसूभरही न घटता पानथरी वाढली आणि तिने ९० टक्के प्लेटलेट अडवल्या, तर त्याच माणसाच्या रिपोर्टमध्ये ३६,००० हा आकडा येईल. प्लेटलेट नष्ट झालेल्या नसतील, तयार व्हायच्या थांबलेल्याही नसतील. त्या फक्त कोठारात जाऊन बसलेल्या असतील. प्लेटलेट कमी दिसल्या की पोटाची तपासणी आणि सोनोग्राफी का करायची, याचे उत्तर या हिशेबात आहे. पानथरी साधारण दुपटी-तिपटीने वाढल्याशिवाय बरगडीखाली हाताला लागत नाही, त्यामुळे नुसत्या हाताच्या तपासणीवर विसंबणे पुरेसे नसते.

भारताला पानथरीची ही भाषा नवी नाही. १८४७-४८ मध्ये पंजाबातल्या कालव्यांच्या काठच्या गावांत हिवताप किती आहे हे शोधण्यासाठी टी. ई. डेम्प्स्टर यांनी गावकऱ्यांच्या पानथऱ्या तपासल्या होत्या. किती जणांची पानथरी वाढलेली आहे, यावरून गावाच्या हिवतापाचा अंदाज बांधण्याची पद्धत तिथून रूढ झाली. आजही हिवताप, विषमज्वर, यकृताचे जुने आजार, रक्ताचे कर्करोग अशा अनेक व्याधी पानथरीतून आपली चाहूल देतात.

गोळ्यांचा खरा हिशेब

आता बीपीच्या गोळ्यांकडे वळू. ‘बीपीची गोळी’ हे एका औषधाचे नाव नाही. त्यात निरनिराळ्या पद्धतींनी काम करणारी किमान अर्धा डझन कुटुंबे आहेत आणि प्लेटलेटशी प्रत्येकाचे नाते वेगळे आहे.

सर्वाधिक वापरातल्या गोळ्यांपैकी एक म्हणजे ॲम्लोडिपिन. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू न देता ती वाहिन्या सैल करते. प्लेटलेटलाही एकमेकींना चिकटण्यासाठी कॅल्शियमचा इशारा लागतो. त्यामुळे या गटातल्या औषधांनी प्लेटलेटचा चिकटपणा किंचित कमी होतो, असे प्रयोगशाळेत दिसते. पण त्याने रुग्णाला रक्तस्राव व्हावा इतका तो परिणाम नसतो. या गोळीने प्लेटलेटची संख्या घटल्याची नोंद माहितीपत्रकात ‘अतिदुर्मीळ’ या वर्गात आहे, म्हणजे १०,००० जणांत एकापेक्षाही कमी.

टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत ही नोंद ‘दुर्मीळ’ वर्गात आढळते. औषधशास्त्राच्या भाषेत दुर्मीळ म्हणजे १,००० ते १०,००० जणांत एक. रॅमिप्रिलच्या कुटुंबातले जुने औषध कॅप्टोप्रिल हे काही रुग्णांत, विशेषतः मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांत, पांढऱ्या पेशी घटवण्यासाठी ओळखले जाते. इथे ‘पेशी’ या शब्दाचा घोटाळा खरोखर अडचणीचा ठरतो, कारण पांढऱ्या पेशी कमी होणे म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका आणि प्लेटलेट कमी होणे म्हणजे रक्तस्रावाचा धोका.

लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळ्यांवर मात्र संशय घ्यायला अधिक आधार आहे. १९५८ मध्ये या गटातले पहिले औषध बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत प्लेटलेट घटल्याच्या नोंदी येऊ लागल्या. गरोदरपणात या गोळ्या घेतलेल्या काही मातांच्या नवजात बाळांतही प्लेटलेट कमी आढळल्याचे १९६० च्या दशकात नोंदले गेले. हायड्रोक्लोरोथायझाइड हे याच गटातले आणि अनेक ‘जोडगोळ्यां’त मिसळलेले औषध आहे. इथेही परिणाम दुर्मीळच आहे, पण तो खोटा नाही. म्हणून ‘बीपीच्या गोळीने असे काही होतच नाही’ असे सांगून रुग्णाला वाटेला लावणारे डॉक्टरही चुकतात.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या प्लेटलेट घटवण्यासाठी फारशा ओळखल्या जात नाहीत. आणि पानथरीचे म्हणाल तर, रोजच्या वापरातल्या बीपीच्या गोळ्यांपैकी कोणतीच गोळी पानथरी वाढवण्यासाठी ओळखली जात नाही. सोनोग्राफीत पानथरी मोठी दिसली तर गोळीकडे बोट दाखवून थांबणे म्हणजे तपास अर्ध्यावर सोडणे होय.

मिथिलडोपाचा धडा

रक्तदाबाचे औषध आणि पानथरी यांचा खरा, नीट अभ्यासलेला संबंध एका जुन्या औषधात सापडतो. ते म्हणजे मिथिलडोपा. १९६६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शीला वर्लेज, कार्स्टेअर्स आणि जॉन डेसी यांनी दाखवले की हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचे शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अशी खूण लागलेल्या तांबड्या पेशी पानथरीतून जाताना ओळखल्या जातात आणि तिथेच त्यांचा फडशा पडतो. रुग्ण फिकट पडतो, डोळे पिवळसर दिसतात.

या शोधातला महत्त्वाचा भाग प्रमाणाचा आहे. बराच काळ हे औषध घेणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्के जणांत ही प्रतिपिंडे तपासणीत सापडत, पण प्रत्यक्ष तांबड्या पेशी फुटून रक्त कमी झालेले रुग्ण एक टक्क्याहून कमी होते. रक्तात काहीतरी सापडणे आणि माणूस आजारी असणे, या दोन गोष्टींतले हे अंतर आजच्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या काळात विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिवाय हा परिणाम दिसायला बहुधा कित्येक महिने लागत आणि औषध थांबवल्यावर तो ओसरत असे. मिथिलडोपा आज मुख्यतः गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी वापरले जाते. तिथे ते काही महिन्यांपुरतेच द्यावे लागत असल्याने हा धोका आणखी कमी होतो.

संशय केव्हा घ्यावा

औषधाने प्लेटलेट घटण्याची एक ठरावीक चाल असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा औषधाच्या उपस्थितीत प्लेटलेटवर हल्ला करते तेव्हा ही घट बहुधा नवे औषध सुरू केल्यापासून एक-दोन आठवड्यांत होते. ती सावकाश नसते. आकडा अनेकदा २०,००० च्या खाली घसरतो, पायांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. औषध थांबवले की काही दिवसांत आकडा वर चढू लागतो आणि बहुतेकांत आठवडाभरात पूर्वपदावर येतो.

ही चाल माहीत असली की बराच गोंधळ दूर होतो. आठ वर्षे तीच गोळी, त्याच मात्रेत घेणाऱ्याच्या प्लेटलेट यंदा १,१०,००० आल्या, तर आरोपीच्या पिंजऱ्यात गोळीला पहिली जागा देण्याचे कारण नाही. उलट, पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेल्या नव्या औषधाबद्दल विचारलेच पाहिजे. ते औषध बीपीचेच असेल असे नाही. प्लेटलेट घटवण्यासाठी अधिक कुप्रसिद्ध असलेली औषधे वेगळीच आहेत : क्विनीन, सल्फा गटातली प्रतिजैविके, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन, दीर्घकाळ दिलेले लिनेझोलिड, अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट, रुग्णालयात टोचले जाणारे हेपॅरिन. यांतले एखादे औषध नुकतेच सुरू झालेले असते आणि दोष मात्र जुन्या, निरुपद्रवी गोळीच्या माथी बसतो.

आणखी एक शक्यता तर आजाराचीच नसते. रक्ताच्या नळीत ते गोठू नये म्हणून ‘ईडीटीए’ नावाचे रसायन असते. हजारात सुमारे एका माणसाच्या प्लेटलेट या रसायनामुळे नळीत एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की गठ्ठे लगेच दिसतात. पूर्व भारतात, विशेषतः बंगालमध्ये, काही निरोगी माणसांच्या प्लेटलेट जन्मतःच आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. अशा माणसाला आयुष्यभराची गोळी सोडायला लावणे हा केवळ अन्याय आहे.

‘प्रेशर’ एक, आजार दोन

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नावातले साम्य. पानथरीतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आतड्यांतल्या रक्तासोबत पोर्टल व्हेन या शिरेतून आधी यकृतात जाते. दारू, कावीळ ब, कावीळ क किंवा चरबी साठल्याने यकृत निबर झाले की या शिरेतला दाब वाढतो. त्याला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. दंडाला पट्टा बांधून मोजल्या जाणाऱ्या बीपीशी याचा संबंध नाही. दंडावरचे बीपी १२० असतानाही हा दाब वाढलेला असू शकतो. भारतात तर यकृत फारसे खराब नसतानाही हा दाब वाढणारे रुग्ण आढळतात.

या दाबाने पानथरी फुगते, प्लेटलेट तिच्यात अडकतात. शिवाय प्लेटलेट तयार करा, असा निरोप अस्थिमज्जेला देणारे संप्रेरक मुख्यतः यकृतातच बनते. यकृत थकले की तो निरोपही क्षीण होतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते आणि जीव धोक्यात येतो. लठ्ठपणा, मधुमेह, यकृतातली चरबी आणि उच्च रक्तदाब ही मंडळी एकाच माणसात एकत्र राहायला आवडीने येतात. म्हणूनच बीपीच्या रुग्णाच्या प्लेटलेट वर्षागणिक हळूहळू उतरत असतील, तर यकृताची तपासणी टाळता कामा नये. यकृताच्या छुप्या आजाराची पहिली खूण अनेकदा तीच असते.

इथे एक विरोधाभास आहे. फ्रान्समधील दिदिए लेब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवले की प्रोप्रॅनोलॉल हे बीपी आणि हृदयविकारासाठीचे औषध पोर्टल व्हेनमधला दाब उतरवते आणि पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका कमी करते. आज प्रोप्रॅनोलॉल आणि कार्व्हेडिलॉल ही औषधे अशा रुग्णांना याच कारणासाठी दिली जातात. त्यांनी प्लेटलेटचा आकडा वाढतो असे नाही, पण फुटू पाहणाऱ्या शिरा सांभाळल्या जातात. म्हणजे पानथरी वाढलेल्या आणि प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णाने ‘बीपीची गोळी’ समजून जे औषध कपाटात टाकले, ते कदाचित त्याच्या पानथरीच्या आजारावरचेच औषध असते.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत ही चूक अधिक घातक ठरते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढलेला असताना प्लेटलेट घटू लागल्या, तर तो औषधाचा दोष समजून घरी बसणे परवडणारे नाही. तो आजारच गंभीर वळण घेत असल्याचा इशारा असू शकतो. त्यासोबत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे असे काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

रक्त दिसले म्हणजे प्लेटलेटच नव्हे

संशयाला खतपाणी घालणारी काही लक्षणे खरी असतात, पण त्यांचे कारण वेगळे असते. ॲम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या सुजतात आणि ब्रश करताना रक्त येते. आकडा तपासला तर प्लेटलेट अगदी ठीक असतात. तिथे गरज दंतवैद्याची आणि गरज पडल्यास गोळी बदलून घेण्याची असते. हातांवर सहज उठणारे जांभळे डाग बहुधा ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलमुळे असतात. बीपीच्या अनेक रुग्णांना हृदयासाठी ती सोबत दिलेली असतात. ॲस्पिरिन प्लेटलेटची संख्या घटवत नाही, तिचा चिकटपणा घालवते आणि तो परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर टिकतो. रिपोर्टमधला आकडा चोख आणि डाग मात्र खरे, असे त्यामुळे होते.

डेंग्यूच्या तापात मात्र बीपीच्या गोळ्यांचा विचार खरोखर वेगळा करावा लागतो, पण त्याचे कारण प्लेटलेट नाहीत. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी लघवी वाढवणारी किंवा दाब उतरवणारी गोळी काही दिवस थांबवायची की मात्रा कमी करायची, हे डॉक्टरांनी रोजचा दाब पाहून ठरवायचे असते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी धोक्याच्या वेळीही फारशी वाढत नाही, म्हणून आपण ही गोळी घेतो हे रुग्णाने आवर्जून सांगायला हवे. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन डेंग्यूत टाळायची असतात. आयब्युप्रोफेनने तर एरवीही रक्तदाब वाढतो आणि बीपीच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. मात्र दुखण्यावरची गोळी बिनदिक्कत घेणारे आणि बीपीची गोळी भीतीने सोडणारे लोक पुष्कळदा एकच असतात.

बंद गोळीची किंमत

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा साधा आहे. प्लेटलेट कमी असलेल्या माणसाला सर्वाधिक भीती असते ती मेंदूत रक्तस्राव होण्याची. आणि मेंदूत रक्तस्राव होण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे आटोक्यात नसलेला रक्तदाब. प्लेटलेट घटल्या म्हणून गोळी बंद करणारा माणूस नेमका तोच धोका दुप्पट ओढवून घेतो. प्लेटलेट कमी असताना रक्तदाब अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवायला हवा. एखाद्या गोळीवर खरोखर संशय असेल तर ती बदलून दुसऱ्या कुटुंबातली गोळी देता येते. बीपीच्या बाबतीत पर्यायांची वानवा नाही. थांबवणे आणि बदलणे यांत फार मोठा फरक आहे. क्लोनिडीन आणि बीटा ब्लॉकर यांसारखी औषधे तर एकाएकी थांबवली की दाब किंवा हृदयाची धडधड उसळी मारते.

२०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२३ चाचण्या आणि सहा लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणानुसार वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरवला तर पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. दुसऱ्या पारड्यात दहा हजारांत एखाद्याला होणारी आणि बहुधा गोळी बदलताच भरून येणारी प्लेटलेटची घट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांत रक्तदाब वाढलेला किंवा त्यावर औषधे सुरू असलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात उच्च रक्तदाब असलेल्या दर पाचपैकी चार जणांवर पुरेसे उपचार होत नाहीत. जिथे गोळी सुरू करणे आणि टिकवणे हीच लढाई आहे, तिथे अर्धवट वाचलेल्या रिपोर्टमुळे ती सुटणे परवडणारे नाही.

दोष एकट्या रुग्णाचा नाही

तरीही सगळे खापर रुग्णावर फोडणे सोपे आणि चुकीचे ठरेल. ठळक अक्षरांत ‘कमी’ असे छापून रिपोर्ट थेट मोबाइलवर पाठवणाऱ्या लॅबने तो आकडा काचपट्टीवर पडताळून पाहिला का, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. पहिल्यांदाच कमी आलेला आकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय हातात देऊ नये, हा नियम प्रत्येक लॅबने स्वतःहून पाळायला हवा. औषधाच्या पाकिटातले माहितीपत्रक मराठी माणसाला समजेल अशा भाषेत आणि प्रमाणासकट असायला हवे. दहा हजारांत एकाला होणारा त्रास आणि दहात एकाला होणारा त्रास एकाच ओळीत, एकाच बारीक टाइपात छापला तर वाचणाऱ्याने घाबरू नये तर काय करावे?

डॉक्टरांच्या बाजूनेही दोन गोष्टी अपेक्षित आहेत. बीपीचे औषध सुरू करतानाच रक्ताची एक साधी तपासणी करून तो आकडा जपून ठेवला, तर पाच वर्षांनी तुलना करायला आधार मिळतो. आणि रुग्णाने शंका विचारली तर ती उडवून न लावता ‘हे औषध कधी सुरू झाले, मधल्या काळात दुसरे काय घेतले’ एवढे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात. औषधाचा खरोखर त्रास झाला असेल तर त्याची नोंद व्हायला हवी. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही स्वतः तक्रार नोंदवू शकतो. ही सोय कमी लोकांना माहीत असेल तर ती दवाखान्याच्या भिंतीवर लावायला खर्च येत नाही.

रुग्णाच्या हाती उरते ते एवढेच : सर्व औषधांची यादी जवळ ठेवणे, त्यात दुखण्यावरच्या गोळ्या, काढे आणि आयुर्वेदिक चूर्णेही लिहिणे, जुने रिपोर्ट फेकून न देणे. प्लेटलेट कमी आल्या तर तीन प्रश्न विचारावेत. आकडा पडताळून पाहिला का? पानथरी आणि यकृत तपासले का? गेल्या महिन्याभरात नवे औषध कोणते सुरू झाले? अंगावर लाल ठिपके, न थांबणारा रक्तस्राव, काळी शौच किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर मात्र प्रश्न विचारत न बसता थेट रुग्णालयात जावे. आणि या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सकाळची गोळी डॉक्टरांनी थांबवायला सांगितलेली नसेल, तर ती चालू ठेवावी.